आमणदेव : यादवकुळातील एक विसरलेले वर्ष

देवगिरीच्या यादवांची वंशावळ कोणत्याही पाठ्यपुस्तकात पाहावी. महादेवाच्या नावापुढे १२६१ ते १२७० ही वर्षे दिसतात, आणि रामचंद्राच्या नावापुढे १२७१ ते १३११. या दोन नावांच्या मध्ये कधी कंसात, कधी तळटीपेत, एक तिसरे नाव येते : आमण, किंवा अम्मण. महादेवाचा हा मुलगा इ. स. १२७० मध्ये गादीवर बसला आणि वर्ष-दीड वर्षाच्या आत त्याच्या चुलतभावाने त्याला खाली खेचले. त्याचे एखादे मोठे दान प्रसिद्ध नाही, विजय नाही, त्याच्या नावावर एखादा ग्रंथही अर्पण झालेला नाही. इतिहासकार त्याला अर्धी ओळ देतात आणि पुढे सरकतात.

आम्हांला मात्र ही अर्धी ओळ थांबून वाचावीशी वाटते, आणि त्याचे कारण राजकीय नसून वाङ्मयीन आहे. ज्याला आपण मराठी साहित्याचा आरंभकाळ म्हणतो, ज्यात ‘ज्ञानेश्वरी’ सिद्ध झाली, ‘लीळाचरित्र’ संकलित झाले, नरेंद्राने ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले, तो सर्व काळ रामचंद्रदेवाच्या राजवटीतला आहे. ती राजवट आमणाला पदच्युत करून उभी राहिली. तेव्हा त्या एका वर्षात काय घडले, आणि लिहिणाऱ्या मंडळींनी त्याचे काय केले, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना टाळता येणार नाही.

आधी घराणे नीट समजून घेऊ. यादवांचे राज्य सर्वांत विस्तारले ते दुसऱ्या सिंघणाच्या काळात, म्हणजे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात. सिंघणाचा मुलगा जैतुगी बापाच्या हयातीतच वारला. त्यामुळे सिंघणानंतर, सुमारे १२४६ मध्ये, गादी गेली ती नातवाकडे : कृष्णाकडे. शिलालेखांत याचेच नाव कन्हर किंवा कान्हर असे येते. त्याचा धाकटा भाऊ महादेव. कृष्णाच्या राज्यात महादेवाचे स्थान साध्या राजबंधूचे नव्हते. अमलानंदाने आपल्या ‘वेदान्तकल्पतरू’त त्या काळच्या राज्याचा उल्लेख करताना कृष्णाबरोबर महादेवाचेही नाव घेतले आहे. म्हणजे दोन भावांनी मिळून राज्य चालविल्याची भावना समकालीनांच्या मनात होती.

कृष्ण १२६१ च्या सुमारास वारला तेव्हा त्याचा मुलगा रामचंद्र लहान होता. गादीवर बसला तो अनुभवी चुलता, महादेव. मध्ययुगीन राजघराण्यांत हे वारंवार घडत असे. थोरल्या मुलाचा हक्क हा संकेत होता खरा, पण राज्य चालवू शकणारा पुरुष हवा ही गरज त्या संकेतापेक्षा प्रबळ ठरे. अडचण उद्भवे ती पुढच्या पिढीत. चुलत्याने राज्य घेतले ते विश्वस्त म्हणून की मालक म्हणून? त्याच्यानंतर गादी थोरल्या शाखेकडे परत जावी, की धाकटीकडेच राहावी? दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे काही असे, आणि निवाडा करणारे न्यायपीठ कोठेच नसे. महादेवाने आपला निर्णय स्पष्ट दिला. त्याच्यामागून राजा झाला तो त्याचा मुलगा आमण. तोवर रामचंद्र वयात आला होता, आणि आपला बाप राजा होता हे तो विसरला नव्हता.

या वादात कायद्याने कोण बरोबर, हे ठरविण्यात आम्हांला फारसे स्वारस्य नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या काळापासून इतिहासकारांचा कल रामचंद्राचा हक्क मान्य करण्याकडे आहे, आणि थोरल्या शाखेचा विचार करता तो समजण्यासारखाही आहे. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते या दोन चुलतभावांच्या मधोमध उभे असलेले एक तिसरे माणूस. ते म्हणजे हेमाद्री, मराठी माणसाच्या तोंडी असलेला हेमाडपंत.

हेमाद्री महादेवाच्या राज्यात श्रीकरणाधिप होता, म्हणजे राज्याच्या लेखनविभागाचा प्रमुख. त्याचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा व्रते, दाने, तीर्थे यांचा अजस्र कोश महादेवाच्या काळातला. त्यातील व्रतखंडाच्या आरंभी त्याने यादवकुळाची प्रशस्ती जोडली आहे. यादवांच्या इतिहासाचे हे एक मुख्य साधन. भांडारकरांनी दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील आपल्या ग्रंथात त्याचा भरपूर उपयोग केला आणि ती संहिताही छापली. या प्रशस्तीत महादेवाच्या पराक्रमांचे वर्णन आहे. कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर महादेवाशी लढताना समुद्रात बुडाला. त्यावर हेमाद्री अशी कल्पना करतो की, महादेवाच्या कोपाग्नीपेक्षा सागरातला वडवाग्नी बरा, असे सोमेश्वराला वाटले असावे. दरबारी कवित्वाचा हा नेहमीचा नमुना.

पण त्याच प्रशस्तीतील एक दुसरी कल्पना आमच्या विषयाच्या थेट गाभ्याशी जाते. महादेव स्त्रीवर, बालकावर आणि शरण आलेल्यावर शस्त्र धरत नाही, हे ओळखून आंध्रांनी आपल्या गादीवर एका स्त्रीला बसविले आणि माळव्याच्या लोकांनी एका बालकाला, असा तिचा आशय आहे. यातील स्त्री म्हणजे काकतीय राणी रुद्रमा, गणपतिदेवाची मुलगी. ती राज्यावर आली १२६२ च्या सुमारास, आणि आपल्या लेखांत तिने रुद्रदेव असे पुरुषी नाव धारण केले. काकतीयांच्या बाजूची परंपरा या युद्धाची हकीकत अगदी उलट सांगते. ‘प्रतापचरित्रा’नुसार रुद्रमेनेच महादेवाला पिटाळून लावले. तेव्हा हेमाद्रीच्या त्या श्लोकात अपयशावर औदार्याची शाल पांघरलेली असण्याचा संभव मोठा आहे. एखादा प्रदेश जिंकता आला नाही, तर तो जिंकायचाच नव्हता असे म्हणणे ही प्रशस्तिकाराची जुनी युक्ती.

तरीही ही युक्ती निवडताना हेमाद्रीने कोणत्या मूल्याचा आधार घेतला, हे पाहण्यासारखे आहे. बालकाला इजा न करणे हे राजाचे भूषण, असे तो सांगतो. यादवकुळाला या भूषणाची पूर्वपीठिकाही होती. महादेवाचा पणजोबा, पहिला जैतुगी, याने काकतीयांवर विजय मिळविला तेव्हा गणपती त्याच्या कैदेत होता. जैतुगीने त्याला सोडले आणि त्याच्या राज्यावर पुन्हा बसविले. रुद्रमेचा बाप तो हाच गणपती. शत्रूच्या वारसाला जीवदान आणि राज्य देणारे घराणे, अशी यादवांची प्रतिमा त्यांच्या आश्रितांनी जपली होती. स्वतःच्या घरातील वारसाची पाळी आली तेव्हा त्या प्रतिमेचे काय झाले, ते आता पाहू.

देवगिरीचा किल्ला वेढा घालून घेणे सोपे नव्हते. सभोवतालच्या सपाटीतून एकाएकी उठलेला तो डोंगर आणि त्याचे ताशीव कडे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना याचे कारण सांगावयास नको. राजधानीवर चालून जाण्याइतके मोठे सैन्य रामचंद्रापाशी असते तरी ते किल्ल्याच्या पायथ्याशी महिनोन्‌महिने अडकून पडले असते. म्हणून त्याने दुसरा मार्ग धरला. परंपरा सांगते की, तरुण आमणाला संगीत-नृत्याचा मोठा नाद होता. रामचंद्राची निवडक माणसे नटनर्तकांच्या मेळ्याच्या वेषात किल्ल्यात शिरली. राजापुढे खेळ सुरू झाला, आणि रंगात आलेल्या खेळातच वेष उतरले, शस्त्रे निघाली. आमण पकडला गेला. पुढे त्याचे डोळे काढण्यात आले, असे महानुभावीय परंपरा सांगते.

संगीताच्या नादाने राज्य गेले, असा या कथेचा बोध काढणे फार सोपे आहे, आणि तो अनेकांनी काढलाही असेल. पण ज्या घरात हे घडले त्या घराकडे पाहा. आमणाचा खापरपणजोबा म्हणता येईल अशा पिढीपासून या दरबाराने विद्या आणि कला पोसल्या होत्या. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर पहिल्या जैतुगीच्या पदरी होता. सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याचे आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आले होते. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही संगीतपरंपरा ज्याला प्रमाण मानतात, त्या ग्रंथाचा सातवा आणि अखेरचा अध्याय नृत्यावर आहे. कृष्णाच्या काळी, १२५८ मध्ये, गजसेनेचा अधिपती जल्हण सुभाषितांचा ‘सूक्तिमुक्तावली’ हा संग्रह सिद्ध करीत होता. अशा दरबारात वाढलेल्या राजपुत्राला नटनर्तकांचा मेळा आलेला ऐकून दार उघडावेसे वाटले, यात छंदीफंदीपणा काय आहे? आजोबा-पणजोबांनी जे केले तेच तो करीत होता. कटाची चतुराई आमणाचा दोष हेरण्यात नव्हती. यादवदरबाराच्या एका जुन्या, मानाच्या रीतीचा तिने शस्त्रासारखा वापर केला, हे तिचे खरे स्वरूप आहे.

आता रामचंद्राच्या बाजूचे लेख घेऊ. सत्तांतर झाल्या-झाल्या, शके ११९३ मध्ये, म्हणजे १२७१ च्या सुमारास दिलेला पैठणचा ताम्रपट उपलब्ध आहे. त्यात रामचंद्राने आमणापासून पृथ्वी बळाने हिरावून घेतली, असे म्हटले आहे. लपवाछपवी नाही. उलट ते त्याचे एक कर्तृत्व म्हणून नोंदले आहे. एरवी प्रशस्तिकार राजाच्या घरातली भांडणे झाकून ठेवतात, किंवा पराभूताचे नाव वंशावळीतून वगळतात. येथे तसे झाले नाही, कारण रामचंद्राला आपला हक्क जाहीरपणे सांगावयाचा होता. आमण कोणी नव्हताच, असे म्हणण्यापेक्षा, तो होता आणि मी त्याला दूर केले, असे म्हणण्यात त्याचे हित होते. आमणाचे नाव आपल्यापर्यंत आले ते बव्हंशी त्याच्या शत्रूच्या या आत्मविश्वासामुळे.

दुसरा लेख बीड जिल्ह्यातील गोदाकाठच्या पुरुषोत्तमपुरीचा, शके १२३२ म्हणजे १३१० चा. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो संपादिला. सत्तांतराला तेव्हा जवळजवळ चाळीस वर्षे झाली होती. किल्ल्यातील त्या युक्तीची सूचना या ताम्रपटात मिळते. बळाची जागा आता कौशल्याने घेतली आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरी लुटली होती, १३०७ मध्ये मलिक काफूरने रामचंद्राला धरून दिल्लीस नेले होते, आणि ‘रायरायान’ हा किताब घेऊन तो सुलतानाचा मांडलिक म्हणून परतला होता. यातले काहीही या ताम्रपटात येत नाही. त्यात आहे ते जुन्या विजयांचे वर्णन, वाराणसी म्लेंच्छांपासून मुक्त केल्याची बढाईसुद्धा. राज्य परक्याच्या मर्जीवर चालू असताना प्रशस्ती मात्र तारुण्यातल्या पराक्रमांची उजळणी करीत बसते. त्या उजळणीत चुलतभावावर केलेली मात हाही एक पराक्रम असावा, ही गोष्ट करुण आहे. ती लिहिणाऱ्याला तशी वाटली नसणार.

पुन्हा हेमाद्रीकडे येऊ. महादेव बालकावर शस्त्र धरत नाही, असे लिहिणारा हा पंडित महादेवाच्या मुलाची ही गत झाल्यावर काय करतो? तो आपल्या जागेवर राहतो. शके ११९४ च्या, म्हणजे १२७२ च्या ठाण्याच्या ताम्रपटात तो रामचंद्राच्या राज्याचा प्रमुख कारभारी म्हणून दिसतो, आणि झाडीमंडळ जिंकल्याचे श्रेयही त्याला दिलेले आहे. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातील प्रसिद्ध चौऱ्यांशीच्या शिलालेखात, शके ११९५ ते ११९९ या वर्षांतल्या देणग्यांच्या यादीत, रामचंद्रदेव आणि हेमाडीपंडित ही दोन्ही नावे आढळतात. त्याचा स्नेही बोपदेव याने ‘हरिलीला’ रचली ती रामराजाचा मंत्री हेमाद्री याच्या इच्छेवरून. कटात त्याचा हात होता असे म्हणण्यास आधार नाही. पण कटानंतर एका वर्षाच्या आत तो नव्या धन्याचा विश्वासू होता, हे ताम्रपटच सांगतो.

आजच्या वाचकाला येथे संतापणे सोपे आहे. आम्ही सावकाश विचार करावा असे म्हणू. राज्ये बदलली तरी करवसुली, दानपत्रे, सीमांचे तंटे, सैन्याचा हिशेब थांबत नाही. हेमाद्रीसारखा मनुष्य निघून गेला असता तर त्याने आमणाचे डोळे परत आले नसते. शिवाय त्याने महादेवाची स्तुती मागे घेतली नाही. व्रतखंडाच्या आरंभी ती आजही आहे, त्या बालकाच्या उल्लेखासह. त्याने ती पुसली नाही याला निष्ठा म्हणावे की उदासीनता, हे ज्याने त्याने ठरवावे. परिणाम मात्र एकच झाला. त्याच्याच ग्रंथात त्याच्या धन्याच्या कृत्याविरुद्धची साक्ष शिल्लक राहिली. प्रशस्ती ही खुशामत असते, हे आपण विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. पण खुशामत करतानाही एखादे मूल्य उच्चारावे लागते, आणि एकदा उच्चारलेले मूल्य पुढच्या राजाला मोजण्याची मापपट्टी बनते, हे सांगावयाचे बहुधा राहून जाते.

दरबाराबाहेरच्या लोकांनी ही घटना लक्षात ठेवली. आमणाच्या हालांची आठवण महानुभाव वाङ्मयाने जपली, हा योगायोग नव्हे. चक्रधरस्वामींच्या छळाचे आणि अंताचे खापर महानुभाव परंपरा हेमाद्रीवर फोडते. रामचंद्र-हेमाद्रींच्या राजवटीबद्दल पंथाच्या मनात अढी होती, आणि ज्याच्याशी आपले वैर त्याच्या क्रौर्याची आठवण माणूस अधिक टिकवितो. तेव्हा या साक्षीकडेही डोळे मिटून पाहता येणार नाही. मात्र पक्षपाती साक्ष म्हणजे खोटी साक्ष नव्हे. पैठणचा ताम्रपट बळ सांगतो, पुरुषोत्तमपुरीचा कौशल्य सांगतो, आणि त्या बळाची व कौशल्याची किंमत कोणाच्या देहाने दिली, ते महानुभाव सांगतात. तिन्ही एकत्र वाचल्यावाचून चित्र पुरे होत नाही.

याच परंपरेत कवी नरेंद्राची कथा येते. रामदेवरावाने ‘रुक्मिणीस्वयंवर’ ऐकले, तो लुब्ध झाला, आणि ओवीमागे सोन्याचे नाणे देऊन ते काव्य आपल्या नावावर करून मागितले. नरेंद्राने नकार दिला. आपल्या कविकुळाला बोल लागेल, एवढेच त्याचे कारण. ही कथा आपण अभिमानाने शिकवितो. आमणाची हकीकत शेजारी ठेवली की तिला वेगळीच धार येते. हा राजा दुसऱ्याचे घेण्यास कचरणारा नव्हता. चुलतभावाचे राज्य त्याने घेतले होते, आणि राज्यातील सर्वांत शहाण्या माणसाने ते निमूट मान्य केले होते. त्याला नाही म्हणणारा भेटला तो कवी, आणि तेही फक्त एका काव्यापुरते. नकाराची जागा किती लहान असते, आणि ती लहान जागाही किती मोलाची असते!

आणि ‘ज्ञानेश्वरी’? शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० मध्ये, ग्रंथाच्या शेवटी ज्ञानदेव यदुवंशातील श्रीरामचंद्राचा उल्लेख न्यायाचे पोषण करणारा राजा म्हणून करतात. तो उल्लेख आमणाच्या बाजूने वाचून ज्ञानदेवांना प्रश्न विचारणे आम्हांला योग्य वाटत नाही. एकोणीस वर्षांपूर्वीच्या राजवाड्यातील घटनेशी नेवाशातल्या त्या तरुणाचा संबंध नव्हता, आणि ग्रंथाचे स्थलकाल सांगताना राजाचे नाव आदराने घेणे हा शिष्टाचार होता. मात्र या उल्लेखाचा उपयोग करून रामदेवरावाच्या राज्याला रामराज्य ठरविण्याची जी सवय आपल्या वाङ्मयेतिहासांना लागली, ती तपासली पाहिजे. स्थिर राज्य आणि न्यायी आरंभ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाळीस वर्षांच्या स्थैर्यात मराठी भाषा बहरली, हे खरे. त्या स्थैर्याचा पहिला दिवस नटांच्या वेषातील शस्त्रांनी उगवला, हेही तितकेच खरे.

घराण्याची कथा देवगिरीत संपत नाही. रामचंद्राच्या मुलीचे लग्न अल्लाउद्दीनाशी झाले होते. इसामीने तिचे नाव झत्यपाली असे दिले आहे आणि शिहाबुद्दीन उमर हा तिचा मुलगा, असे सांगितले आहे. १३१६ च्या आरंभी अल्लाउद्दीन मेला, तेव्हा मलिक काफूरने पाच-सहा वर्षांच्या या बालकाला दिल्लीच्या तख्तावर बसविले. महिन्याभरात काफूर मारला गेला. त्या मुलाचा सावत्र भाऊ मुबारक आधी त्याचा पालक झाला, मग त्याला दूर सारून स्वतः सुलतान झाला. शिहाबुद्दीनाला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात टाकून त्याचे डोळे काढले गेले, आणि १३१८ च्या सुमारास त्याला मारण्यात आले. याच मुबारकने दक्षिणेत उतरून रामचंद्राचा जावई हरपाळदेव याचा वध केला आणि यादवांचे राज्य संपविले. आमणाला पदच्युत करणाऱ्या राजाच्या नातवाला तेच भोगावे लागले : बालवयातील राज्य, घरच्याच माणसाचा घात, अंधार. पुराणकाराने यात कर्मफळ पाहिले असते. आम्हांला तसे म्हणवत नाही, कारण ग्वाल्हेरच्या त्या मुलाने कोणाचे काय केले होते? देवगिरी असो वा दिल्ली, यादव असोत वा खिलजी, वारसाहक्काचा निवाडा शस्त्रावर सोडणारी व्यवस्था आपला पहिला घास लहानांचा घेते, एवढेच त्यातून दिसते.

यादवकालीन मराठी साहित्य शिकविताना आपण विद्यार्थ्यांना राजांची यादी देतो. त्या यादीत महादेव आणि रामचंद्र यांच्यामध्ये आमणाचे नाव कंसाबाहेर काढून लिहावे, आणि त्याच तासाला हेमाद्रीचा तो श्लोक, पैठणचा ताम्रपट व नरेंद्राचा नकार एकत्र ठेवावेत. राजाश्रयाने साहित्याला काय दिले, हे त्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतेच. साहित्याने राजाश्रयापुढे काय सांगितले आणि काय गिळले, हेही मग त्यांना कळेल.